सूक्ष्म वस्तूचे संपूर्ण चित्र
निकट छायाचित्रणातील ‘फोकस स्टॅकिंग’चे तंत्र आणि त्याचा ग्रामीण कामातील उपयोग

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि कृषी विस्तार कर्मचारी यांच्या एका एकत्रित शिबिरात, छायाचित्रणाच्या प्रात्यक्षिकापूर्वी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात असा प्रश्न आला असेल की, छायाचित्रणासारख्या हौसेच्या गोष्टीचा पंचायतीच्या किंवा शाळेच्या कामाशी संबंध तो काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी एका प्रसंगाने देतो.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षकमित्राने मला एका अळीचे छायाचित्र पाठविले. त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या शेतात मक्याच्या पोंग्यात ती सापडली होती. चित्र मोठ्या मेहनतीने काढलेले होते. अळीच्या पाठीवरची मधली दोन-तीन वलये इतकी स्वच्छ दिसत होती की त्यांवरचे केस मोजून घ्यावेत. परंतु डोके धुक्यात हरवले होते आणि शेपटीकडचा भागही तसाच. आता अमेरिकन लष्करी अळी ओळखण्याच्या ज्या दोन ठळक खुणा आहेत, त्या नेमक्या याच दोन टोकांना असतात. डोक्यावर उलट्या ‘वाय’ या इंग्रजी अक्षरासारखी फिकट खूण आणि शेपटीकडून दुसऱ्या वलयावर चौकोनात मांडल्यासारखे चार काळे ठिपके. ही कीड भारतात प्रथम मे २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली; त्यामुळे ‘ही तीच काय?’ हा प्रश्न त्या घराच्या दृष्टीने साधा नव्हता. मला उत्तर देता आले नाही. दुसरे छायाचित्र हाती येईपर्यंत चार दिवस गेले. उष्ण हवामानात या अळीची संपूर्ण अवस्थाच दोन-तीन आठवड्यांची असते; त्यांतले चार दिवस म्हणजे किती, हे मका पेरणाऱ्यांना मी सांगावयास नको.

त्या छायाचित्रात दोष मुलाचा नव्हता, यंत्राचाही नव्हता. दोष असलाच तर तो प्रकाशाच्या स्वभावाचा होता. तो स्वभाव समजून घेणे आणि त्याच्यावर शोधून काढलेला एक उपाय पाहणे, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

जवळ जावे तसे चित्र पातळ होते

कोणतेही भिंग एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू खऱ्या अर्थाने रेखीव दाखविते. त्या अंतराच्या थोडे अलीकडे व थोडे पलीकडे आपल्या डोळ्यांना चालून जाईल इतपत रेखीवपणा असतो. या पट्ट्याला छायाचित्रकार ‘डेप्थ ऑफ फील्ड’ म्हणतात. आपण ‘स्पष्टतेची खोली’ म्हणू. शाळेच्या मैदानावर मुलांचा समूह टिपताना ही खोली कित्येक मीटर असते आणि म्हणून तिची कोणाला आठवणही होत नाही. परंतु वस्तूच्या जवळ जावे तशी ती झपाट्याने आटत जाते.

किती आटते, ते आकड्यांत पाहू. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा संवेदक असलेला कॅमेरा घ्या. वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा संवेदकावर पडेल अशी मांडणी करा. याला ‘एकास एक’ म्हणतात. भिंगाचे छिद्र एफ ८ वर ठेवले, तर स्पष्टतेची खोली सुमारे १ मिलिमीटर भरते. प्रतिमा वस्तूच्या दुप्पट करा, ती मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शावर येते. पाचपट करून छिद्र एफ ५.६ वर ठेवले, तर ती जेमतेम ०.०८ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीएवढी उरते. पूर्ण वाढलेल्या लष्करी अळीचे डोके अडीच मिलिमीटरहून किंचित अधिक रुंद असते. पोंग्यात वळून बसलेल्या त्या अळीचे डोके आणि शेपटी एकाच मिलिमीटरच्या पातळ कापात कशी मावावी?

येथे छायाचित्रणाची थोडी माहिती असलेले लोक एक उपाय सुचवितात. छिद्र लहान करा, म्हणजे खोली वाढेल. गोष्ट खरी आहे, पण मर्यादेपर्यंतच. लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, आणि प्रत्येक बिंदूचा एक लहानसा डाग होतो. निकट छायाचित्रणात ही अडचण दुणावते, कारण एकास एक या मापावर एफ १६ चे छिद्र एफ ३२ असल्याप्रमाणे वागते. अशा वेळी प्रकाशाच्या एका बिंदूचा डाग ०.०४ मिलिमीटरच्या पुढे जातो, आणि आपण मघाशी केलेला हिशेब ०.०३ मिलिमीटरपर्यंतचा डागच रेखीव मानून केला होता. परिणाम असा की, मूठभर भाग धूसर होता त्याऐवजी सगळेच चित्र सारखे मऊ होते. आगीतून फुफाट्यात! १८७३ मध्ये अर्न्स्ट ॲबे या जर्मन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाच्या बाबतीत प्रकाशाची ही मर्यादा मांडून दाखविली. भिंग कितीही महाग घेतले तरी ती सुटत नाही.

डोळा काय करतो?

मग आपल्याला हातातला किडा संपूर्ण कसा दिसतो, असे आपण विचाराल. दिसत नाही, आपण तो जुळवितो. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून चाक पाहतो, तेव्हा एका क्षणी त्यालाही एकच थर स्पष्ट दिसत असतो. तो मान किंचित पुढे-मागे करतो आणि मन हे सारे थर एकत्र बांधून पूर्ण चाक त्याच्यापुढे उभे करते.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसलेल्या आपल्या विद्यार्थ्याचे निरीक्षण करा. त्याचा एक हात सूक्ष्मदर्शकाच्या बारीक जुळणीच्या चाकावर असतो आणि दुसरा वहीवर. चाक फिरवीत वरचा थर पाहावयाचा, काढावयाचा. पुन्हा फिरवून खालचा थर पाहावयाचा, तोही त्याच चित्रात बसवावयाचा. त्याच्या वहीत जे चित्र उतरते ते सूक्ष्मदर्शकात कोणत्याही एका क्षणी दिसलेले नसते, आणि तरीही ते खोटे नसते. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने ‘मायक्रोग्राफिया’ हा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातली पिसू व उवेची मोठाली चित्रे याच रीतीने सिद्ध झालेली आहेत. निरनिराळ्या प्रकाशात व निरनिराळ्या बाजूंनी पाहून खरे रूप कळेपर्यंत आपण रेखाटनास हात घालीत नव्हतो, असे त्याने प्रस्तावनेत नमूद केले आहे. (त्याची मुंगी काही केल्या स्थिर बसेना, तेव्हा त्याने तिला ब्रँडीत बुडविले आणि ती तासभर निपचित पडली, ही हकीकतही त्याने प्रांजळपणे लिहून ठेविली आहे. हलणाऱ्या किड्याची अडचण ही अशी साडेतीनशे वर्षांची जुनी आहे. तिच्याकडे मी पुन्हा येणारच आहे.)

छायाचित्र आले तेव्हा या हाताने काढलेल्या चित्राच्या मानाने आपण अचूकता मिळविली, पण हे थर जुळविण्याचे सामर्थ्य गमावले. फोकस स्टॅकिंग हे त्या हरवलेल्या सामर्थ्याची परतफेड आहे.

तंत्र कसे चालते

कल्पना इतकी सोपी आहे की ती ऐकल्यावर ‘हे आपल्याला का सुचले नाही?’ असे वाटावे. वस्तू आणि प्रकाश जागचा न हलविता, तिच्या सर्वांत पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत फोकस थोडा थोडा सरकवीत अनेक छायाचित्रे काढावयाची. प्रत्येकात एकेक पातळ काप रेखीव येतो. मग संगणकाकडून प्रत्येक चित्रातील रेखीव तेवढा भाग निवडून घेऊन त्यांचे एक चित्र बांधावयाचे.

एक लेडीबर्ड भुंगेरा घ्या, मावा खाणारा आपला मित्रकीटक. त्याची उंची ४ मिलिमीटर धरू. एकास एक मापावर, एफ ५.६ ला, खोली मिळते सुमारे ०.६७ मिलिमीटर. दोन काप एकमेकांवर थोडे चढले पाहिजेत, नाही तर मध्ये धूसर पट्टा राहतो; म्हणून पाऊल अर्ध्या मिलिमीटरचे ठेवावे. म्हणजे ९ छायाचित्रांत काम होते. हाच भुंगेरा पाचपट मोठा करावयाचा झाला, तर पाऊल ०.०६ मिलिमीटरचे आणि छायाचित्रे सुमारे ७० लागतील. येथे लक्षात घ्यावे की छिद्र मोठे ठेवल्यामुळे प्रत्येक काप उत्तम रेखीव मिळतो. खोली आपण छिद्राकडे मागतच नाही, संख्येकडून मिळवितो.

संगणकाला भुंगेऱ्याविषयी काहीही ठाऊक नसते. तो फक्त एवढेच पाहतो की चित्रातील एखाद्या ठिकाणी शेजारशेजारच्या बिंदूंमध्ये उजेड-अंधाराचा फरक कोणत्या छायाचित्रात सर्वांत तीव्र आहे. धूसर भागात हा फरक मवाळ असतो, रेखीव भागात तीक्ष्ण. जेथे तीक्ष्ण, तेथील भाग घ्यावयाचा. त्यापूर्वी त्याला आणखी एक काम करावे लागते. फोकस सरकविला की प्रतिमेचा आकारही किंचित लहानमोठा होतो. म्हणून सर्व छायाचित्रे आधी मापाला आणून एकावर एक तंतोतंत बसवावी लागतात.

या तंत्राचा इतिहास थोडक्यात सांगतो. संगणकापूर्वी, १९६० च्या दशकात, अमेरिकेतील डॅन मॅकलाकलन यांनी वेगळ्याच युक्तीने हे साधले होते. त्यांनी भिंगाच्या फोकसाच्या पातळीत प्रकाशाचा एक अतिशय पातळ पडदा पाडला, बाकी सर्व अंधार ठेविला, कॅमेऱ्याचे दार उघडे ठेवून वस्तू हळूहळू त्या पडद्यातून सरकविली. जो भाग उजळे तो फोकसातच असे, म्हणून फिल्मवर उमटे तेवढे सगळे रेखीव. पुढे १९८३ मध्ये पीटर बर्ट आणि एडवर्ड ॲडेलसन यांनी चित्राचे ठळक ते बारीक अशा तपशिलांच्या थरांत विभाजन करण्याची गणिती रीत प्रसिद्ध केली. अनेक फोकसांची चित्रे सांधण्याच्या आजच्या प्रणालींपैकी बऱ्याच तिच्याच वळणाच्या आहेत. आज काही कॅमेरे फोकस सरकविण्याचे काम आपोआप करतात. इतकेच नव्हे, तर ऑगस्ट २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ या गाडीच्या हाताला बसविलेला कॅमेरा तेथील खडकांची आठपर्यंत छायाचित्रे तिथल्या तिथेच जुळवून एक करू शकतो. आणि हौसेची परिसीमा पाहावयाची तर लेव्हॉन बिस या ब्रिटिश छायाचित्रकाराची. २०१६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात त्याने तेथील कीटकांची जी भव्य चित्रे मांडली, त्यांतील एकेक चित्र सुमारे ८,००० छायाचित्रांचे बनलेले होते. दोन छायाचित्रांतील पाऊल १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.

तीन मिशांचा नाकतोडा

आता मी माझी एक फजिती सांगणार आहे, कारण या तंत्राचे खरे शिक्षण मला तिच्यातूनच मिळाले.

हे तंत्र नव्याने हाती आले तेव्हा मी उत्साहाने भारून गेलो होतो. नाकतोड्याचे एक पिल्लू गवताच्या पात्यावर बसलेले पाहून मी त्याची वीसएक छायाचित्रे घेतली, जुळविली, आणि तयार झालेले चित्र मोठे करून एका शाळेस भेट दिले. कित्येक महिने ते वर्गाच्या भिंतीवर होते. एके दिवशी त्या शाळेत गेलो असताना सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, “सर, कीटकांना दोन मिशा असतात असे पुस्तकात आहे. मग याला तीन कशा?” मी चष्मा सावरून पाहिले. खरोखरच तीन होत्या! छायाचित्रे घेत असताना पिल्लाने एक मिशी हलविली होती. तिची पहिली जागा एका छायाचित्रातून आणि दुसरी जागा दुसऱ्यातून संगणकाने इमानेइतबारे उचलली. दोन्ही रेखीवच होत्या. त्याच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नव्हती.

तिसरी मिशी निदान मोजता येते. ज्या चुका मोजता येत नाहीत त्या अधिक घातक. फुलकिडे एक-दोन मिलिमीटरचे असतात आणि त्यांच्या जाती ठरविताना तज्ज्ञ मिशांचे खंड व अंगावरचे विशिष्ट केस मोजतात. दोन केस एकमेकांवरून गेले असतील, तर थरांची जुळणी करणाऱ्या काही रीती मागचा केस पुसून टाकतात. दुसऱ्या काही रीती केस राखतात, पण त्याभोवती फिकट कडा उठवितात आणि चित्राचा खरबरीतपणा वाढवितात. पाठीच्या कडेला, जेथे पुढची वस्तू संपून मागची सुरू होते, तेथे तर अशी फसवी प्रभा हटकून दिसते. पाहणाऱ्याला हे कळत नाही, कारण चित्र नेहमीपेक्षा अधिक सुंदर दिसत असते. धूसर छायाचित्र आपले अज्ञान निदान उघड कबूल करते. जुळविलेले छायाचित्र ते करीत नाही.

म्हणून माझ्या मते या तंत्राचा पहिला नियम तांत्रिक नसून नोंदीचा आहे. जुळविलेल्या चित्राखाली ‘इतक्या छायाचित्रांची जुळणी’ असे लिहावे, शेजारी मिलिमीटरची मोजपट्टी दाखवावी, आणि मूळ छायाचित्रे कधीही पुसून टाकू नयेत. शंका आली तर त्या मूळ चित्रांकडेच परत जावे लागते. हिशेबाच्या वहीबरोबर पावत्या ठेवण्याची सवय पंचायत सदस्यांना आहेच, तोच हा प्रकार आहे.

कोठे वापरावे, कोठे वापरू नये

शेतातील जिवंत अळीच्या बाबतीत हे तंत्र वापरू नये, असे मी स्पष्टच सांगतो. ज्या प्रसंगाने मी सुरुवात केली त्याचे उत्तर थरांची जुळणी हे नव्हतेच. अळी सरकते, वाऱ्याने पाते डोलते. तेथे तीन स्वतंत्र छायाचित्रे घ्यावीत. एक डोक्यासमोरून, एक पाठीवर बरोबर वरून आणि एक शेपटीकडच्या चार ठिपक्यांचे. यातील मर्म असे की, कॅमेऱ्याची पाठ आणि जी खूण दाखवावयाची ती पृष्ठभूमी एकमेकींना समांतर धरावी. मग मिलिमीटरभर खोलीही पुरते, कारण ती संपूर्ण खूण त्याच एका कापात येते. हे साध्या मोबाइल फोनलाही साधते. किडींचे सर्वेक्षण आपल्या राज्याला नवीन नाही. २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा प्रादुर्भाव झाल्यानंतर २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प राज्यात सुरू झाला. अशा कामात सल्ल्याची किंमत निरीक्षणाच्या किमतीएवढीच असते, आणि पाहणीत ओळख चुकली तर पुढची फवारणीही चुकते.

जुळणीचे खरे क्षेत्र म्हणजे जे हलत नाही ते. बियाणे, खडक, शंख, वाळविलेली पाने, संग्रहातील मृत कीटक. आणि येथे पंचायतींचा संबंध अगदी निकटचा आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. गावातील वनस्पती, प्राणी, पिकांचे स्थानिक वाण आणि त्यांच्याविषयीचे लोकज्ञान यांची ती नोंद होय. मी अशा काही नोंदवह्या चाळल्या आहेत. भाताच्या स्थानिक वाणांची नावे वाचताना मन भरून येते. पण नावाशेजारी चित्र पाहावे तर मूठभर दाण्यांचा एक पिवळट ढीग! कुसळ लांब की आखूड, सालीवर लव आहे की नाही, दाण्याच्या टोकाचा रंग कोणता, यांतले काहीच त्यात दिसत नाही. ते वाण पेरणारी पिढी आज सत्तरीच्या घरात आहे. तिच्या मागे नाव उरेल, पण ते नाव कोणत्या दाण्याचे, हे सांगणारे कोणी उरणार नाही. भाताचा एक दाणा शांतपणे टेबलावर पडून राहतो, त्याला वारा लागत नाही, तो मिशी हलवीत नाही. दहा-बारा छायाचित्रांत त्याचे कुसळाच्या बुडापासून देठापर्यंत निर्विवाद चित्र मिळते. अर्थात चित्र म्हणजे बियाणे नव्हे. मूठभर दाणे नीट वाळवून, नाव-गाव-तारीख लिहून बाटलीत ठेवणे हे चित्राच्या आधीचे काम आहे.

तणांच्या बियांचेही असेच. गाजरगवत आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. त्याचे बी दोनएक मिलिमीटरचे. बियाण्यात मिसळलेले असले तर उघड्या डोळ्यांना ओळखू येत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत दहा-वीस तणांच्या बियांचा सचित्र तक्ता लावावा, यासारखा उपयोगी प्रकल्प मला तरी दुसरा ठाऊक नाही.

रानातल्या फुलांविषयी मात्र एक तक्रार करावयाची आहे. कास पठारावरची सीतेची आसवे, गेंद किंवा दवबिंदू या वनस्पती अंगाने इतक्या लहान आहेत की त्यांचे चित्र घ्यावयास पोटावर झोपावे लागते. एका फुलाची तीस छायाचित्रे घेण्यासाठी तिवईचे तीन पाय आणि छायाचित्रकाराचे साडेपाच फूट अंग यांखाली शेकडो फुले चिरडली जातात, हे मी पाहिले आहे. कास हे २०१२ पासून जागतिक वारसा यादीतील पश्चिम घाटाचा भाग आहे. तेथे वाटेवरून जे दिसेल तेवढ्यावर समाधान मानावे. किडा स्थिर राहावा म्हणून त्याला शीतपेटीत ठेवण्याचीही एक चाल आहे. मला ती पसंत नाही. पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, दव पडलेल्या पानावर किडे आपणहून गारठून बसलेले असतात. छायाचित्रकाराने थोडे लवकर उठावे.

साधने : असलेल्यातूनच

हे सर्व खर्चिक असेल, अशी शंका शिक्षकांच्या चेहऱ्यावर मला दिसते आहे. कॅमेरा आणि निकट छायाचित्रणाचे भिंग यांना खर्च आहे, तो नाकारून चालणार नाही; पण एखाद्या पालकाकडे किंवा माजी विद्यार्थ्याकडे ते असतात. सरकविण्याची सूक्ष्म यंत्रणा मात्र विकत घेण्याची गरज नाही. कनिष्ठ महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप असतो. त्याचे लघुतम माप मिलिमीटरचा शंभरावा भाग. वर्षातून चार दिवस प्रात्यक्षिकांना निघतो, बाकी कपाटात असतो. त्याच्या सरकत्या भागावर नमुना चिकटवा, कॅमेरा समोर पक्का करा, आणि मळसूत्र फिरवीत पाव, अर्धा मिलिमीटर असे नमुन्यालाच कॅमेऱ्याकडे न्या. टाकाऊ झालेल्या सूक्ष्मदर्शकाचा खालचा सांगाडाही तेच काम करतो. चित्रे जुळविण्यासाठी ‘ह्यूगिन’ आणि त्याच्या जोडीचा ‘एनफ्यूज’ अशा विनामूल्य प्रणाली उपलब्ध आहेत.

प्रकाश मऊ हवा. भुंगेऱ्याची पाठ आरशासारखी चमकते आणि चमकेच्या जागी तपशील नाहीसा होतो. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पेल्याचा तळ कापून तो नमुन्यावर पालथा घातला आणि बाहेरून दोन दिवे लावले की काम भागते. विजेचा दाब कमीजास्त होत असेल तर बॅटरीवरचे दिवे बरे. कारण मधलीच दोन-चार चित्रे अंधुक आली तर जुळणीत पट्टे उमटतात. पंखा बंद करावा. कॅमेऱ्याची कळ हाताने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर ठेवावी. आणि शाळा रस्त्यालगत असेल, तर एस.टी. गाडी जाईपर्यंत थांबावे. टेबल हललेले आपल्याला जाणवत नाही, पण दहा मायक्रॉनला ते जाणवते.

बोलणे लांबले. शेजारच्या टेबलावर एका शेतकरी भगिनीने आणलेले भाताचे कुसळी दाणे मांडून ठेविले आहेत, आणि त्यांच्या शेजारी शाळेच्या संग्रहातील एक मृत भुंगेरा आहे. आधी दाणा घेऊ. दहा छायाचित्रे पुरतील. मळसूत्र फिरविण्यास दोन शिक्षकांनी पुढे यावे, आणि दाराजवळच्या कोणी तरी पंखे बंद करावेत, ही विनंती.